पाच डिस्क, एक छप्पर

गणेश चवथीच्या रात्री आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरी घुमट या मातीच्या, कातडं ताणलेल्या वाद्यावर आरत्या रंगायच्या, आणि काका त्या कॅसेटवर घ्यायचे. अशा तीनशेच्या आसपास कॅसेट एका पत्र्याच्या ट्रंकेत साठल्या होत्या. दोन वर्षांमागे ती ट्रंक उघडली, तर निम्म्या फितींवर पांढरी बुरशी. ज्या वाजल्या त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या. चांगल्या दर्जाचा तासभराचा आवाज साधारण २ जीबी जागा घेतो. मिनी-डीव्ही टेपवरच्या नाटकांना मात्र तासाला १३ जीबी लागतात. त्यात घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ आले, आणि आकडा ९ टेराबाइटवर गेला.

एवढा ऐवज एका डिस्कवर ठेवून झोप लागायची नाही. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. ते टोक कधीतरी टेकणारच. म्हणून मी ४ टेराबाइटच्या पाच डिस्क घेतल्या.

पाच डिस्क एकमेकींना सांभाळून घेतात ते गणिताच्या जोरावर. समजा, चार डिस्कवर ७, २, ५, ४ हे आकडे आहेत आणि पाचवीवर त्यांची बेरीज, १८. दुसरी डिस्क मेली, तर १८ मधून ७, ५ आणि ४ वजा करा. हरवलेले २ हाती येतात. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी शून्य-एकची, म्हणजे बिटची, सम-विषमता मोजतो आणि ही हिशेबाची माहिती पाचही डिस्कवर विखरून ठेवतो, पण तत्त्व हेच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली अशा रचनांची नीट मांडणी केली आणि त्यांना ‘रेड’ हे नाव दिलं.

खरी कसोटी लागते ती डिस्क मेल्यानंतर. नवी डिस्क बसवली की उरलेल्या चारही डिस्क पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १६ टेराबाइट. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की १०० लाख कोटी बिटमागे फार तर एक वाचता न येणारी चूक. आठ बिटचा एक बाइट, असा हिशेब केला तर ते होतात १२.५ टेराबाइट. डिस्क प्रत्यक्षात बहुधा याहून बऱ्या वागतात, पण काकांच्या आरत्या मी ‘बहुधा’वर सोडणार नव्हतो. एकाऐवजी दोन डिस्कची जागा हिशेबाला दिली. वापरायला १२ टेराबाइट उरले, आणि आता दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालतं.

काही वेळा डिस्क जिवंत असते, पण आतला एखादा बिट गुपचूप उलटलेला असतो. यावर सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केलेली झेडएफएस ही साठवणीची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. ती प्रत्येक तुकड्याची गणिती खूण वेगळी जपते, वाचताना ताडून पाहते आणि बिघडलेला तुकडा हिशेबावरून दुरुस्त करते. मी महिन्यातून एकदा सगळी साठवण अशी तपासून घेतो.

पावसाची धास्ती मात्र वेगळी. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं, म्हणजे बाहेरचा दमटपणा हळूहळू आत जातो. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात. चालू डिस्क आपल्याच उबेने कोरडी राहते. आषाढ-श्रावण कपाटात पडून राहिलेलीची मला जास्त काळजी वाटते. आणि पावसात वीज जाते, तेव्हा बॅटरीवर डिस्क चालू ठेवणारा यूपीएस तर हवाच.

पण वीज कोसळली, चोरी झाली किंवा कुणी चुकून फोल्डर पुसला, तर पाचही डिस्क एकदमच जातात. त्या एकाच छपराखाली आहेत आणि एकच हुकूम ऐकतात. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी मांडलेला नियम म्हणूनच मी मानतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत घराबाहेर. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली, तीसुद्धा दोन यानांवर, दोन सारख्या तबकड्यांत.

आमची बाहेरची प्रत बहिणीकडे, पुण्याला. इंटरनेटने १०० एमबीपीएस वेगाने ९ टेराबाइट चढवायला सलग आठ दिवसांहून जास्त लागतात. मी डिस्क रात्रीच्या बसने नेल्या. आता फक्त नवीन भर तेवढी तारेवरून जाते.

चवथीच्या आधी बहीण तिच्या प्रतीतून कुठल्याही तीन फायली उघडते आणि मला फोनवर ऐकवते. यंदा पहिलीच लागली ती काकांची. आरती सुरू व्हायच्या आधी ते घुमटाच्या कातड्यावर बोटं टेकवून सूर बघतात, मग कुणाला तरी म्हणतात, ‘‘समई जरा पुढे घे रे.’’