कुत्र्याला माणसाची पेनकिलर: या सवयीमागचा इतिहास

कुत्रा लंगडायला लागला की घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो. देणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणूनच ही चूक इतकी वर्षं टिकून आहे.

बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये अ‍ॅस्पिरिनचं रसायन तयार केलं आणि १८९९ मध्ये ते बाजारात आलं. पुढे कित्येक दशकं पशुवैद्यही कुत्र्यांना हेच देत, कारण दुसरं हाताशी फारसं काही नव्हतं. त्यातच, दुखत असलं की जनावर एका जागी पडून राहतं आणि ते बरंच, असा समजही होता. त्यामुळे खास कुत्र्यांसाठी वेदनाशामक शोधण्याची निकड कुणाला भासली नाही.

दरम्यान माणसांच्या गोळ्या वाढत गेल्या. पॅरासिटामॉल १९५० च्या दशकात आलं. बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी शोधलेलं आयबुप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये आलं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. १९८३ मध्ये तिथे आणि १९८४ मध्ये अमेरिकेत ते चिठ्ठीविना मिळू लागलं. चिठ्ठी लागत नाही म्हणजे औषध साधं, असं लोकांनी धरलं. पण ती मुभा माणसाच्या शरीराकडे पाहून दिलेली होती.

धोक्याचं मूळ १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी उलगडलं (१९८२ च्या नोबेलमध्ये त्यांना मिळालेल्या वाट्यामागे हे कामही होतं). अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातली रसायनं तयार होऊ देत नाहीत, म्हणून वेदना थांबते. मात्र जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्यातही प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो. कुत्र्यात ही औषधं रेंगाळतात. नॅप्रॉक्सेन या अशाच एका वेदनाशामकाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला माणसात साधारण १२ ते १७ तास लागतात, कुत्र्यात सुमारे तीन दिवस. कारण पित्तातून आतड्यात उतरलेलं औषध पुन्हा रक्तात शोषलं जातं. रोज एक गोळी दिली तर आधीची संपायच्या आत पुढची येऊन पडते. जठरात व्रण होतो, कधी भोकही पडतं. शी डांबरासारखी काळी होईपर्यंत बाहेरून काही दिसेलच असं नाही. आकाराचाही विचार करा: ४०० मिलिग्रॅमची एक आयबुप्रोफेन गोळी आठ किलोच्या कुत्र्याला किलोमागे ५० मिलिग्रॅम पडते, आणि एवढ्यात त्याच्या जठराला इजा होऊ शकते.

पॅरासिटामॉलची तऱ्हा वेगळी. त्याची मात्रा जास्त झाली की यकृताला इजा होते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. हिरड्या तपकिरी पडतात, कुत्रा धापा टाकतो. मांजरीला तर एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

कुत्र्यांसाठीची नव्या पिढीची वेदनाशामकं रुळली ती १९९० च्या दशकात. त्यातलं कार्प्रोफेन आधी माणसांसाठीच वापरात होतं. तीही वजन मोजून आणि यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करूनच द्यायची असतात. माणसाची गोळी दिल्यावर लगेच त्यावर यातलं काही देणंही घातक.

गोळी पोटात गेलीच असेल तर उलटी करवणं किंवा विष शोषणारा औषधी कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल) देणं पशुवैद्यानेच करायचं, आणि त्याचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. पॅरासिटामॉलवर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. आयबुप्रोफेनवर तसा उतारा नाही, सलाइन आणि जठर जपणारी औषधं यांवरच मुख्य भर राहतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि गोळ्यांची रिकामी स्ट्रिप सोबत न्यावी.