बाल्टिकची कौटुंबिक क्रूझ: आजचा मार्ग कसा घडला

कोपनहेगन, वार्नेम्युंडे, टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोम. उत्तर युरोपातल्या बहुतेक क्रूझच्या वेळापत्रकात हीच नावं थोडी मागेपुढे होऊन येतात. हा मार्ग मध्ययुगातल्या व्यापाराने आखला, करमुक्त दारूवर चालणाऱ्या फेरीबोटींनी तो कुटुंबांसाठी खुला केला आणि २०२२ मधल्या युद्धाने त्याचा मध्यच काढून घेतला. लहान मुलं आणि आजीआजोबा बरोबर असतील तर ही पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. कुठे जहाज शहराच्या दारात लागतं आणि कुठे तीन-तीन तास प्रवास करावा लागतो, हे तिच्यातूनच कळतं.

बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणून इथल्या जुन्या गोद्यांना दरवाजे बसवावे लागले. बाल्टिकमध्ये ती अडचणच नव्हती, त्यामुळे बाजारपेठ, गोदामं आणि धक्का एकमेकांना लागून उभे राहिले. ११५९ मध्ये नव्याने वसलेलं ल्यूबेक या व्यापाराचं मुख्य ठाणं झालं. त्याच्या पुढाकाराने जमलेल्या हन्सा या व्यापारी शहरांच्या संघाची पहिली सर्वसाधारण बैठक १३५६ मध्ये भरली आणि शेवटची १६६९ मध्ये. ल्युनेबुर्गचं मीठ, स्कोने किनाऱ्यावरची हेरिंग मासळी, नोव्हगोरोदची फर आणि मेण या मालावर रीगा, टॅलिन, व्हिस्बी, रोस्टॉक, श्ट्रालझुंड ही शहरं श्रीमंत झाली. त्या काळातलं एक मालवाहू गलबत १९६२ मध्ये ब्रेमेनजवळ वेझर नदीच्या गाळात सापडलं. ते १३८० च्या सुमाराचं, जेमतेम २४ मीटर लांबीचं आहे आणि आता ब्रेमरहाफेनच्या सागरी संग्रहालयात ठेवलं आहे. आजची क्रूझ जहाजं त्याच्या दहापट आणि त्याहूनही लांब असतात, तरी बंदरं बरीचशी तीच राहिली.

टॅलिनमध्ये याचा सरळ फायदा मिळतो. क्रूझच्या धक्क्यापासून जुन्या गावाच्या वेशीपर्यंत वीसेक मिनिटं चालत जाता येतं आणि आत गेल्यावर १४०४ मध्ये पूर्ण झालेल्या नगरभवनाचा चौक लागतो. चौकातल्या औषधाच्या दुकानाची नोंद १४२२ पासून सापडते. अडचण आहे ती गोट्या दगडांच्या फरसबंदीची. छोट्या चाकांची घडीची बाबागाडी तिथे अडते, हिसके बसून बाळ जागं होतं, आणि तोम्पेआ टेकडीचा चढ व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम काढतो. तान्ह्या बाळासाठी पाठीवर किंवा पोटाशी बांधायची झोळी घ्यावी. आजीआजोबांना टॅक्सीने आधी टेकडीवर न्यावं आणि तिथून उतरत यावं.

कोपनहेगनचा उत्कर्ष वेगळ्या कारणाने झाला. बाल्टिकच्या तोंडाशी एरेसुंड सामुद्रधुनीत डेन्मार्कच्या राजाने १४२९ पासून ये-जा करणाऱ्या जहाजांकडून जकात घ्यायला सुरुवात केली. १८५७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती बंद झाली. चारशेहून जास्त वर्षं हा पैसा डेन्मार्कच्या तिजोरीत पडत होता. आता जकात नाही, पण समुद्राची अडवणूक कायम आहे. शहराच्या दक्षिणेला ड्रॉग्डेन इथे पाण्याची खोली सुमारे ८ मीटरच आहे. ज्या जहाजांचा तळ त्याहून खोल जातो, त्यांना वळसा घालून ग्रेट बेल्ट या डेन्मार्कमधल्याच दुसऱ्या सामुद्रधुनीतून जावं लागतं. तिथे १९९८ मध्ये खुल्या झालेल्या पुलाखाली ६५ मीटर उंची मिळते. फिनलंडच्या तुर्कू शहरात बांधलेलं ‘ओएसिस ऑफ द सीज’ २००९ मध्ये याच वाटेने बाहेर पडलं. त्याची उंची ७२ मीटर होती, म्हणून धुरांडी आत सरकतील अशीच बनवली होती. कोपनहेगनहून जर्मनीतल्या वार्नेम्युंडेला, म्हणजे नकाशावर अगदी शेजारच्या बंदराला, मोठ्या जहाजाला रात्रभर लागते ती या वळशामुळे.

हौसेखातर समुद्रप्रवास ही कल्पना जर्मनीत रुजवली आल्बर्ट बालिन यांनी. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटत आणि हाम्बुर्गच्या हापाग कंपनीची महागडी जहाजं रिकामी पडत. त्यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे पाठवलं आणि प्रवाशांनी ते उचलून धरलं. उन्हाळ्यात नॉर्वेचे फिओर्ड पाहायला जायची ओढ जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या सहलींमुळे वाढली. १८९५ मध्ये कील कालवा खुला झाला आणि उत्तर समुद्रातून बाल्टिकमध्ये शिरायला ९८ किलोमीटरची आडवाट मिळाली. पुलांमुळे तिथे ४० मीटरहून उंच जहाज जाऊ शकत नाही, त्यामुळे आज ती लहान जहाजांपुरती उरली आहे. हा सगळा व्यवहार मात्र धनिकांचा होता.

सामान्य कुटुंबं बाल्टिकवर आली ती फेरीबोटींमुळे, आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथेच आहे. १९५७ मध्ये सिल्या आणि १९५९ पासून व्हायकिंग या नावांनी फिनलंड-स्वीडन वाहतूक वाढू लागली. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि कमाई जहाजावरच्या करमुक्त दारू-सिगारेटवर करायची, असा हिशेब होता. दोन्ही देशांत दारूवर जबर कर, त्यामुळे तो जमलाही. संध्याकाळी स्टॉकहोमहून निघायचं, सकाळी हेलसिंकी गाठायचं, दिवसभर फिरून रात्री परत, ही शनिवार-रविवारची सहल तिथल्या घराघरात ठरून गेली. मुलांसाठी खेळघर, चेंडूंचा हौद, कुटुंबासाठी बुफे, भिंतीतून खाली ओढायच्या वरच्या बर्थ असलेली चौघांची केबिन हे सगळं या जहाजांवर रुळलं.

तुर्कूतच बांधलेली ‘सिल्या सेरेनेड’ १९९० मध्ये आणि ‘सिल्या सिम्फनी’ १९९१ मध्ये सेवेत आली. त्यांच्या पोटात मधोमध १४२ मीटर लांबीची रस्त्यासारखी मोकळी जागा आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, वर काचेचं छत, आणि आतल्या केबिनच्या खिडक्या या रस्त्यावर उघडतात. १९९९ मध्ये त्याच गोदीतून अमेरिकी बाजारासाठी ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ बाहेर पडलं. त्याच्या पोटातही असाच रस्ता होता. आज कॅरिबियनमध्ये मिरवणारी ही रचना मूळची बाल्टिकच्या फेरीबोटीवरची आहे.

१ जुलै १९९९ ला युरोपीय संघाने सदस्य देशांमधल्या प्रवासावरची करमुक्त विक्री बंद केली. फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या, फिनलंडच्याच ऑलंड बेटांना मात्र फिनलंडच्या संघप्रवेशाच्या वेळीच करांतून वेगळं स्थान मिळालं होतं. तिथे थांबलं की जहाजावर करमुक्त विक्री करता येते, म्हणून स्टॉकहोमच्या फेरीबोटी आजही रात्री-अपरात्री ऑलंडच्या मारियेहाम्नला थोडा वेळ थांबतात. खर्चाच्या दृष्टीने या फेऱ्यांचं गणित वेगळं आहे. फेरीत साधारण चौघांच्या केबिनचा भाव लागतो. क्रूझवर माणशी भाव असतो, त्यात पहिल्या दोघांचा पूर्ण आणि तिसऱ्या-चौथ्याचा कमी. आठवड्याची क्रूझ बजेटबाहेर जात असेल तर स्टॉकहोम-हेलसिंकी रात्रीची फेरी आणि हेलसिंकी-टॅलिन ही सुमारे दोन तासांची फेरी जोडून तीन राजधान्या होतात.

याच पाण्यावर २८ सप्टेंबर १९९४ च्या पहाटे टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ बुडाली आणि ८५२ माणसं गेली. लाटांच्या माऱ्याने जहाजाच्या नाळेवरच्या, वाहनं आत घेण्यासाठी वर उचलायच्या झडपेची कुलपं तुटली, वाहनांच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि जहाज तासाभरात बुडालं. त्यानंतर १९९६ च्या स्टॉकहोम कराराने, वाहनांच्या मजल्यावर अर्धा मीटरपर्यंत पाणी साचलं तरी फेरीबोट तरली पाहिजे, अशी अट घातली. जहाजावरची सुरक्षेची कवायत कंटाळवाणी वाटली तरी मुलांना घेऊन हजर राहा, आणि मुलांच्या मापाची लाइफजॅकेट कुठे आहेत हे तिथेच विचारून घ्या.

मग सेंट पीटर्सबर्ग. सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाल्टिक क्रूझचं मुख्य आकर्षण हेच शहर ठरलं. परवानाधारक कंपनीच्या सहलीत राहणाऱ्या क्रूझ प्रवाशांना ७२ तास व्हिसा लागत नसे, एकट्याने फिरायचं तर लागे. जहाज तिथे दोन-तीन दिवस थांबायचं आणि बाकीची बंदरं एकेका दिवसात उरकली जायची. मोठ्या जहाजांसाठी वासिलीव्हस्की बेटालगत भराव घालून नवं बंदर बांधलं, त्याचे पहिले धक्के २००८ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी हे शहर वगळलं. मोकळे झालेले दिवस व्हिस्बी, रीगा, क्लायपेडा, ग्दिनिया आणि स्टॉकहोमच्या मुक्कामाकडे गेले. त्यामुळे २०२२ पूर्वीचे सल्ले वाचून बेत आखू नका. मुलांच्या दृष्टीने हा बदल मला चांगला वाटतो, कारण राजवाड्यांतल्या लांबलचक रांगांऐवजी व्हिस्बीच्या साडेतीन किलोमीटर लांबीच्या तटाभोवती त्यांना मोकळं हुंदडता येतं.

वेळापत्रकात ‘बर्लिन’ दिसलं तर ते वार्नेम्युंडे असतं आणि तिथून बर्लिनला एका बाजूने सुमारे तीन तास लागतात. लहान मुलं असतील तर बर्लिन सोडा. स्टेशन धक्क्याजवळच आहे, रोस्टॉक वीस मिनिटांवर आहे आणि वार्नेम्युंडेची पांढऱ्या वाळूची चौपाटी तर पायी अंतरावर आहे. ‘स्टॉकहोम’ म्हणून कधी कधी निनेसहाम्न दिलेलं असतं. तिथून शहरात जायला लोकलने तासभर लागतो. २०१६ मध्ये तिथे तरंगता धक्का झाला, त्याआधी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर उतरावं लागे.

भारतीय पासपोर्टवर हा प्रवास सुटसुटीत झाला तो टप्प्याटप्प्याने. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, नॉर्वे २००१ मध्ये शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आले, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया आणि पोलंड २००७ च्या डिसेंबरमध्ये. सगळी बंदरं शेंगेन देशांतली असतील तर एक शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज जास्तीत जास्त दिवस मुक्काम असलेल्या देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर पहिल्यांदा प्रवेश कराल त्या देशाकडे. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. साउदॅम्प्टनहून निघणारी क्रूझ घेतलीत तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि उत्तर समुद्राचा जादा प्रवासही पदरात पडतो, आणि लाटा तिथेच जास्त त्रास देतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली. बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो घेतात. विमानतळावर यात वेळ जातो, तेव्हा जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच शहरात पोचायचं तिकीट काढा.