ध्वनिक्षेपकाचा ड्रायव्हर जळणे

ध्वनिक्षेपकात विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलणारी तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला कोन (शंकूच्या आकाराचा भाग) किंवा पडदा हे त्याचे मुख्य घटक होत. मोठ्या आवाजावर एक तर उष्णतेने कॉइल जळते किंवा हालचाल मर्यादेबाहेर गेल्याने कोनाचे आधार फाटतात.

उंची घरगुती ध्वनिक्षेपकही मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का ध्वनीत बदलतो. उरलेल्या विजेची उष्णता होते व ती बहुतांशी कॉइलमध्येच साठते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्याने कॉइल २०० अंशांनी तापली की तो पाऊणपटीहून अधिक वाढतो, आवाज दबतो आणि ऐकणारा नेमका त्याच वेळी व्हॉल्यूम चढवतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मिरवणुकीच्या ध्वनियंत्रणेला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नावाच्या कंपनीशी तिचा संबंध नसतो. तिथल्या आवाजाची सवय झालेला कान हळदीच्या दिवशी दिवाणखान्यातले स्पीकर अंगणात मांडतो, तेव्हा गणित उलटते. एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर उघड्यावर आठ मीटरवर ६९ डेसिबलच देतो, म्हणून तेथे ९५ डेसिबल हवे असतील तर सुमारे ४०० वॅट लागतात. ९७ डेसिबलच्या व्यावसायिक स्पीकरला तेच काम ४० वॅटमध्ये जमते, शिवाय त्याची कॉइलही बरीच मोठी असते. किंमत ही ताकदीची खूण नव्हे, हे येथे विसरले जाते.

ॲम्प्लिफायर कमी पडला तरी धोका टळत नाही. क्षमतेबाहेर रेटल्यावर तो तरंगांची टोके छाटतो, त्यामुळे सरासरी शक्ती वाढते, उच्च स्वरांचा अंशही वाढतो, आणि बारीक तारेचा ट्विटर, म्हणजे उच्च स्वर वाजवणारा छोटा ड्रायव्हर, आधी उडतो.

वूफरचे, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचे, दुखणे बहुधा यांत्रिक असते. ध्वनिपातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली की कोनाला चौपट हलावे लागते. छिद्र असलेल्या पेटीत तर ठरावीक वारंवारतेखाली हवेचा आधारच सुटतो, आणि कॉइलची नळी मागच्या पत्र्यावर आपटून ‘खट्’ असा आवाज येतो.

मल्टिमीटरने रोध मोजला आणि तो अनंत दिसला तर कॉइल तुटलेली असते. कोन हळूच दाबल्यावर खरखर झाली तर ती फटीत घासत असते. चुंबक शाबूत असल्यास कॉइल व कोन बदलून ड्रायव्हर पुन्हा वापरता येतो.