फ्लिप्ड क्लासरूम: व्हिडिओ घरी पाहिला, मग वर्गात काय करायचं?

बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता आणि आंघोळीला गेलेली तरुणी बेशुद्ध सापडली. पल्स ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवतोय. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाबही ९५ मिमी (पाऱ्याचा), म्हणजे ठीक. मग मेंदूला ऑक्सिजन का पोहोचत नाही?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, म्हणजे ऑक्सिजनच्या कुठल्या दाबाला रक्तातलं हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरतं ते दाखवणारा आलेख, शिकवला जातो. नेहमीच्या लेक्चरमध्ये शिक्षक फळ्यावर इंग्रजी 'एस'सारखा आलेख काढतात, तो उजवीकडे आणि डावीकडे कशाने सरकतो याची यादी देतात आणि मुलं ती उतरवून घेतात. परीक्षेत यादी बरोबर येते. गिझरच्या केसमध्ये मात्र तिचं काय करायचं ते सुचत नाही, कारण यादी वापरण्याचा सराव कधी झालेलाच नसतो.

फ्लिप्ड क्लासरूममध्ये, म्हणजे धडा घरी आणि सराव वर्गात अशा पद्धतीत, ती यादी आदल्या दिवशी घरी जाते. सहा-सात मिनिटांचे दोन व्हिडिओ पुरतात. पहिल्यात आलेख, दुसऱ्यात हिशोब: १ ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे १५ ग्रॅम असेल तर १०० मिली रक्तात सुमारे २० मिली. नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिली. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे गिझरमधून निघालेल्या विषारी वायूचा, उल्लेख इथे मुद्दाम टाळायचा. व्हिडिओच हवा असंही नाही. हॉस्टेलचं नेट रडत असेल तर दोन पानी नोट्सही चालतात.

वर्गातली पहिली सात मिनिटं पाच प्रश्नांची चाचणी, थोड्या गुणांची. माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. आरोग्यशिक्षणातल्या २८ तुलनात्मक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. फ्लिप्ड वर्गाचा फायदा दिसला, पण माफक. जिथे तासाची सुरुवात चाचणीने झाली तिथे तो जास्त होता. चाचणीच्या धाकाने मुलं वाचून येतात, हे झालंच. शिवाय आठवून पाहण्यानेच आठवण पक्की होते. २००६ च्या एका प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातलं ४० टक्के आठवलं. एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनंतर विचारलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. रात्रभर वाचून सकाळी पेपर देणारा फसतो तो इथेच.

मग गिझरची केस. दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि ए-बी-सी-डीचं कार्ड सगळ्यांनी एकदम वर करायचं. मागेपुढे केलं की शेजाऱ्याचं बघून उत्तर बदलतं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर तीन मिनिटं आपसात वाद घालू द्यावा आणि पुन्हा मत घ्यावं. त्याहून कमी असतील तर मूळ कल्पनाच कच्ची आहे, थांबून समजवावं. दीडशेच्या बॅचमध्ये सहा-सहांचे २५ गट होतात. बाकं हलत नसतील तर पुढच्या तिघांनी मागच्या तिघांकडे वळायचं. एका शिक्षकाला हे झेपत नाही, सोबत दोन-तीन ट्यूटर हवेतच.

उत्तर वादातूनच बाहेर येतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तो जागा अडवतो, वर उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सहज सुटू देत नाही. आलेख डावीकडे सरकतो. दाब मोजला जातो विरघळलेल्या ऑक्सिजनचा, त्याला धक्काच लागलेला नसतो. आणि साधा ऑक्सिमीटर प्रकाशाच्या दोनच तरंगलांबी वापरतो, त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं.

हे सगळं बिघडतं कुठे? निम्मी मुलं तयारी न करता येतात, शिक्षकाला दया येते आणि तो तेच लेक्चर पुन्हा देतो. पुढच्या आठवड्यात कुणीच तयारी करत नाही. तयारी नसलेल्यांना मागच्या बाकांवर दहा मिनिटं नोट्स वाचायला बसवावं, नंतर गटात घ्यावं. वर्ग थांबवू नये. दुसरा धोका: तीन विभागांनी एकाच दिवशी व्हिडिओ दिले तर मुलांची रात्र त्यातच जाते. एमबीबीएसच्या २०१९ च्या नियमांत लेक्चरचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावा असं म्हटलं होतं, आणि वेळापत्रकात स्वयं-अध्ययनाचे तासही असतात. तयारी त्या तासांत बसवावी.

मुलं कुरकुर करतील. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास सांगतो की सक्रिय वर्गातली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला कमी शिकल्यासारखं वाटलं. म्हणून पहिल्याच तासाला हे त्यांना सांगावं, आणि नुसत्या फीडबॅक फॉर्मवरून पद्धत मोडीत काढू नये. शरीरातल्या नव्या संस्थेची, समजा मूत्रपिंडाची, ओळख करून द्यायला मात्र चांगलं लेक्चर अजूनही उत्तम.

दोन आठवड्यांनी गिझरची केस पुन्हा काढावी, प्रश्न बदलून: साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, १०० टक्के ऑक्सिजनवर साधारण दीड तास. का?