मांजराचा मधुमेह (घरची देखभाल)

मांजराचा मधुमेह म्हणजे मांजराच्या अंगात इन्सुलिन कमी पडणं किंवा असलेलं इन्सुलिन नीट लागू न होणं, मग रक्तात साखर चढून राहते आणि पेशी मात्र उपाशी. माणसाच्या टाइप २ शी हा बराच जुळतो. कुत्र्यांचं वेगळं, त्यांच्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच बहुतेक संपलेल्या असतात म्हणून त्यांना सहसा जन्मभर टोचावं लागतं, पण काही मांजरं सुरुवातीच्या महिन्यांत शुगर नीट ताब्यात आली तर इन्सुलिनशिवाय राहू लागतात, याला रेमिशन म्हणतात, आणि पहिल्या काही महिन्यांत अजिबात कंटाळा करायचा नाही तो याच्यासाठी.

साधारण ७ वर्षांच्या पुढच्या, नसबंदी झालेल्या, वजनदार मांजरांना जास्त होतो, त्यातही बोक्यांना. पेठेतल्या वाड्यातलं मांजर कौलांवरून फिरायचं, उंदीर धरायचं, आता कोथरूडच्या सातव्या मजल्यावर बाल्कनीला जाळी आणि वाटी कायम भरलेली. खाजेसाठी किंवा हिरड्यांसाठी दिलेल्या स्टेरॉइडनेही शुगर चढू शकते, त्यामुळे आधी काय औषधं झालीत ते डॉक्टरांना सांगायचंच.

लक्षणं घरात दिसतात पण लक्षात येत नाहीत. पाण्याची वाटी दोनदा भरावी लागते, लिटरमध्ये (मांजराच्या शी-शूच्या मातीत) मुताचे गोळे मोठे व्हायला लागतात, खाणं वाढतं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. घरचे म्हणतात वय झालं त्याचं. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालतात, तो साखरेने नसांवर झालेला परिणाम असतो आणि उपचारांनी बरेचदा सुधारतो.

निदानात एक गोची आहे. मांजर घाबरलं की शुगर झपकन चढते, चांगलं निरोगी मांजरसुद्धा ३०० दाखवू शकतं (आकडे सगळे मिग्रॅ प्रति डेसिलिटर, नॉर्मल साधारण ७० ते १५०). बास्केटमध्ये कोंबून, रिक्षात घालून, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून नेलं, वेटिंगमध्ये शेजारी लॅब्रेडॉर भुंकतोय, आणि मग काढलेल्या रक्ताचा आकडा, तो आकडा मधुमेहाचा का रिक्षाचा हे एका थेंबावरून कळत नाही. म्हणून लघवीतली साखर बघतात आणि फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट करतात, ती मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी सांगते. आणि पुढे रोजचा डोस ठरवायला घरचा आकडाच खरा, मांजर आपल्या उशीवर निवांत लोळत असतानाचा.

इन्सुलिन बहुतेक वेळा दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने. माणसांचंच ग्लार्जिन (बराच वेळ असर टिकणारं इन्सुलिन) मांजरांना चांगलं चालतं, किंवा जनावरांसाठीची वेगळी इन्सुलिन असतात. सुरुवात सहसा अर्ध्या ते एका युनिटने, जास्तीत जास्त दोन, ते वजन बघून डॉक्टर ठरवतात. आपल्याकडचा सगळ्यात धोकादायक घोटाळा औषधात नाही, सिरिंजमध्ये आहे. भारतात ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशी दोन्ही इन्सुलिन मिळतात, ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची, आणि १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं तर एक नाही अडीच युनिट जातात. चार किलोच्या जिवाला अडीचपट! मला एकदा दुकानातून चुकीची टोपी मिळाली होती, काउंटरवरच बघितली म्हणून निभावलं. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली ०.३ मिलीची सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी.

टोचणं दिसतं तेवढं अवघड नाही. मांजर खात असताना पाठीवरची किंवा कुशीची सैल कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आत, दाबायचं, संपलं. केस ओले लागले, म्हणजे औषध बाहेर गेलं की काय अशी शंका आली तरी पुन्हा टोचायचं नाही, एक डोस हुकला तर शुगर वाढेल पण दोन गेले तर जिवावर येईल. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीजर कप्प्याला चिकटून नाही कारण गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, आणि ग्लार्जिन मुळात पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं की फेकायचं. एप्रिल-मेच्या उन्हात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली तर फ्रीज उघडबंद करायचा नाही, फार वेळ गेली तर बाटली पिशवीत घालून ओल्या माठात.

आता घरची तपासणी, खरं काम हेच. थेंब कानाच्या कडेचा काढतात, कानाच्या काठाने एक बारीक शीर जाते तिच्या आणि कडेच्या मधल्या पट्टीत टोचायचं, शिरेतच नाही. कान गार असेल तर रक्त येतच नाही, म्हणून जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ घालून गरम करायचे, आपल्या मनगटाला लावून बघायचं आणि अर्धा मिनिट कानावर धरायचं. व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवलं की थेंब केसांत पसरत नाही, मोत्यासारखा उभा राहतो. कानामागे कापसाचा बोळा, नाहीतर सुई आरपार आपल्या बोटात (होतंच एकदा). मग स्ट्रिप थेंबाला लावायची, ती स्वतः ओढून घेते. झालं की कान दाबून धरायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, रोज एकाच जागी, एकाच वेळी. पहिल्या आठवड्यात पाच स्ट्रिपा वाया जातात आणि घरात भांडणं होतात, तिसऱ्या आठवड्यात बोका मीटरची डबी उघडल्याच्या आवाजाने स्वतः येऊन बसतो. चिकनसाठी, आपल्यासाठी नाही.

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो पण तो मांजराची शुगर खऱ्यापेक्षा सहसा कमी दाखवतो, कारण माणसाच्या रक्तात साखर लाल पेशींमध्येही बरीच असते आणि मांजरात जवळजवळ सगळी बाहेरच्या पातळ भागात. जनावरांचा मीटर महाग आणि स्ट्रिपा मागवाव्या लागतात, त्यामुळे बरेच जण माणसांचाच वापरतात, फक्त मीटर मधेच बदलायचा नाही आणि कुठला वापरताय ते डॉक्टरांना सांगायचं. मोजल्याशिवाय टोचायचं नाही हा नियम. टोचण्याआधी शुगर २०० च्या खाली आली तर नवख्याने डोस थांबवून डॉक्टरांना फोन करावा. अधूनमधून १२ तासांत दर दोन तासांनी मोजून कर्व्ह काढतात, त्यात सगळ्यात खालचा आकडा साधारण ८० ते १५० मध्ये हवा, त्यावरून डोस बदलतात आणि बदलल्यावर काही दिवस थांबतात. एका दिवसाचा मोठा आकडा बघून संध्याकाळी स्वतःच्या मनाने एक युनिट वाढवणं हा शुद्ध आगाऊपणा. दंडाला चिकटवायचा, सतत शुगर मोजणारा माणसांचा सेन्सरही मांजराला मानेजवळचे केस काढून लावतात, नावाला १४ दिवसांचा, पण बरीच मांजरं आधीच उपटतात.

शुगर ६० च्या आसपास किंवा खाली गेली, मांजर लडखडतंय, थरथरतंय, नजर हरवलीय, तर साखरेचं पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळायचा, शुद्धीत असेल तर खायला द्यायचं आणि तसंच डॉक्टरकडे. झटके येत असताना तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. दुपारी एक ते चार पुणं बंद असतं हा विनोद अशा वेळी अजिबात हसू आणत नाही, चोवीस तास उघडा दवाखाना कुठला ते आधीच शोधून नंबर फ्रीजवर लावावा. उलट बाजूचा, म्हणजे इन्सुलिन कमी पडण्याचा धोका म्हणजे कीटोन, साखरेऐवजी चरबी जळताना रक्तात साठणारी आम्लं. खाणं सोडलं, उलट्या, मरगळ असं दिसलं तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे.

खाण्याचं गणित साधं आहे, मांजर पक्कं मांसाहारी, पिष्ट पदार्थ पचवायची तयारी त्याच्याकडे कमी. दूध-पोळी कुस्करून देणं बंद, आजींनी कितीही आग्रह केला तरी. कोरड्या खाण्याच्या पाकिटावर कार्ब लिहिलेलं नसतं, आपण काढायचं: समजा शंभरात प्रोटीन ३०, फॅट १०, फायबर ४, ओलावा १०, राख ८, बेरीज ६२, म्हणजे उरलेले ३८ कार्ब आणि कॅलरीत धरले तर साधारण ४१ टक्के. मधुमेही मांजराला ते १० ते १२ टक्क्यांच्या आत हवेत, ते जमतं ओल्या पाउच आणि डब्यांतल्या खाण्यात, तेही ग्रेव्हीचं नको, ग्रेव्हीत पीठ असतं. नुसतं उकडलेलं चिकन कायमचं चालत नाही, टॉरिन (मांजराला लागणारं एक पोषक द्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं, आणि घरच्या रश्श्यातलं तर नाहीच, कांदा-लसूण मांजराला विष. खाणं हळूहळू बदलायचं, आणि कार्ब उतरले की इन्सुलिनची गरजही उतरते, कधी कधी फार पटकन, म्हणून त्या आठवड्यात मोजणं दुप्पट. लठ्ठ मांजराला उपाशी मात्र ठेवायचं नाही, दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठते.

गोळ्यांचा पर्यायही आलाय, अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, साखर लघवीतून बाहेर टाकणारी ही औषधं. पण आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरासाठी ती मान्य नाहीत, आणि त्यात शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन चढू शकतात.

गणपतीत ढोल सुरू झाले किंवा दिवाळीत फटाके, की आकडे वर जातात, ते दिवस सोडून कर्व्ह काढावा. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत रस्ते दीड-दीड दिवस बंद असतात तेव्हा स्ट्रिपा, सिरिंज आणि इन्सुलिन आधीच आणून ठेवावं. वापरलेल्या सुया कोरड्या कचऱ्यात सुट्या टाकू नयेत, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवायच्या, भरली की झाकण टेपने बंद, वर मार्करने ठळक ‘सुया’, आणि बाटली हातात देताना तोंडानेही सांगायचं.