मरणाच्या महिन्यातली मौज

फिनलंडमध्ये नोव्हेंबरला ‘मर्रासकू’ म्हणतात. त्यातला ‘मर्रास’ हा मरणाशी नातं सांगणारा जुना शब्द. उत्तर युरोपात तोवर पानगळीची रंगपंचमी आटोपलेली असते, बर्फ अजून टिकत नाही, आणि महिनाअखेरीस ऑस्लोत जेमतेम साडेसहा तासांचा दिवस उरतो. अशा दिवसांत तिथली माणसं ओल्या रानात भटकतात, घरी जॅम करतात, मेणबत्त्या लावून बसतात. त्यांच्याबद्दल वाचताना वाटतं, काय ही पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हौस! खरं तर यातली बरीचशी एकेकाळी हौस नव्हतीच. ती कामं होती, चुकवता न येणारी.

इंग्लिश भिक्षू बीड यानं 725 च्या सुमारास कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात नोव्हेंबरचं जुनं नाव येतं ‘ब्लोटमोनाथ’, म्हणजे कापायची गुरं देवांना वाहण्याचा महिना. डच लोकही याला ‘स्लाख्तमांद’, कत्तलीचा महिना, म्हणत. कारण साधं होतं: वैरण. हिवाळाभर जगवता येतील तेवढी जनावरं ठेवायची, बाकीची मारून मांस खारवायचं, धुरी देऊन टिकवायचं. 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला ही धांदल कळसाला पोचे. गड्यांचे हिशेब चुकते होत, नवी वाइन चाखली जाई, जर्मनीत कलहंस भाजला जाई. त्या संध्याकाळी तिथली मुलं आजही हातात कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात.

कत्तलीतून चरबी निघे, आणि चरबीतून उजेड. वितळलेल्या चरबीत वात पुन्हा पुन्हा बुडवून घरीच मेणबत्त्या करत. त्या धूर सोडत, त्यांना वास येई, उंदीरही त्या कुरतडत. मधमाश्यांचं स्वच्छ मेण चर्चला आणि श्रीमंतांना. 1825 मध्ये शेव्हरल आणि गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनज्ञांनी चरबीतली आम्लं वेगळी काढून मेणबत्ती करण्याचं पेटंट घेतलं. पुढे खनिज तेलापासूनचं पॅराफिन मेण आलं, मग वीज. मेणबत्तीवाचून अडेनासं झालं आणि तिच्या मंद उजेडाचं कौतुक वाढलं. त्या ऊबदार निवांतपणाला डॅनिश लोक ‘ह्युगे’ म्हणतात. शब्द मूळचा नॉर्वेतला. 2016 च्या सुमारास इंग्रजी प्रकाशकांना तो सापडला आणि ह्युगेच्या पुस्तकांचा पूर आला. (लोकरी मोज्यांच्या जाहिरातीही त्यातून सुटल्या नाहीत.)

जॅमचं वय तर आणखी फसवं. फळं पूर्वी वाळवत, नाहीतर मधात ठेवत. साखर ही चैन होती. बीटमधली साखर उसाच्या साखरेसारखीच आहे, हे रसायनज्ञ मार्गग्राफनं 1747 मध्ये बर्लिनमध्ये दाखवलं. 1802 मध्ये सायलेशियात (आज बहुतांश पोलंडमध्ये) बीटसाखरेचा पहिला कारखाना चालू झाला. ब्रिटननं 1874 मध्ये साखरेवरचा आयातकर रद्द केला. साखर गरिबाच्या आवाक्यात आली. काचेची हवाबंद बरणीही एकोणिसाव्या शतकातलीच. तेव्हा कपाटभर जॅमच्या बरण्या ही गरिबाच्या घरची परंपरा दीड-दोनशे वर्षांपेक्षा फारशी जुनी नाही.

रानात निव्वळ भटकण्याचंही तसंच. ‘फ्रिलुफ्त्सलिव्ह’, म्हणजे मोकळ्या हवेतलं जगणं, हा शब्द नॉर्वेचा नाटककार इब्सेन यानं 1859 च्या एका कवितेत वापरला. 1868 मध्ये नॉर्वेत पर्यटन संघ निघाला. 1957 च्या कायद्यानं दुसऱ्याच्या मालकीच्या रानातूनही चालण्याचा जुना हक्क कागदावर आणला. फिनलंडमध्येही असा हक्क आहे, म्हणून बर्फ पडेपर्यंत लोक पिवळ्या देठाची अळिंबी गोळा करत हिंडतात. ब्रिटनमध्ये हेच भटकणं दुसऱ्या महायुद्धात पुन्हा काम झालं. संत्री येईनात, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या सिरपसाठी शाळकरी मुलांनी रानगुलाबाची फळं वेचली.

तिथल्या कुंपणांवर ‘स्लो’ नावाची निळी-जांभळी, तुरट फळंही लागतात. पहिलं गोठलेलं दहिवर पडलं की ती तोडायची आणि साखरेसह जिन या दारूत मुरवायची, असा जुना संकेत. आता थंडीची वाट कोण पाहतो? फळं आधीच तोडून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात.