दैव आणि पुरुषकार

दैव आणि पुरुषकार : माणसाच्या कृतीला येणारे फळ आधीच ठरलेले असते की ते त्याच्या प्रयत्नाने घडते, आणि सारे ईश्वर चालवत असेल तर माणसाच्या इच्छेला काही जागा उरते का, या प्रश्नांचा भारतीय परंपरेतला ऊहापोह बहुतांशी या दोन शब्दांभोवती फिरतो. दैव म्हणजे देवाकडून आलेले. पुरुषकार किंवा पौरुष म्हणजे माणसाने स्वतः केलेले. मराठीत पुरुषकाराची जागा ‘यत्न’, ‘प्रयत्न’ या शब्दांनी घेतली. दैवासाठी मात्र शब्दांची रेलचेल आहे : प्रारब्ध, प्राक्तन, नशीब, भाग्य, विधिलिखित, कपाळ, भोग. यांपैकी ‘भाग्य’ हा भज् म्हणजे वाटून देणे या धातूवरून आला, आणि अरबीतून आलेल्या ‘नशीब’ शब्दाचा मूळ अर्थही वाटा, हिस्सा असाच आहे. वाटणीत काय आले ते ठरलेले असते. आलेल्या वाट्याचे काय करायचे ते मात्र हे शब्द ठरवत नाहीत, आणि सगळा वाद नेमका तिथेच आहे.

या वादातले सर्वांत टोकाचे मत आजीविकांचे, म्हणजे एका प्राचीन तपस्वी पंथाचे. बुद्ध आणि महावीर यांच्या काळातील मक्खली गोसाल हा त्यांचा प्रमुख आचार्य. नियती हेच एकमेव कारण, बळ नाही, वीर्य नाही, पुरुषाचा पराक्रम नाही, असे त्याचे मत दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सामञ्ञफलसुत्तात नोंदलेले आहे. सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेला फेरा पुरा करूनच दुःखातून सुटतात. हा विचार मूठभर लोकांचा नव्हता. बिहारमधील गयेजवळच्या बराबर टेकड्यांतील लेणी सम्राट अशोकाने आजीविकांना दिली, आणि जवळच्याच नागार्जुनी टेकडीतील लेणी त्याचा नातू दशरथ याने दिली. सारे ठरलेले आहे असे मानणारे हे लोक कडक तपश्चर्या करीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांचे खंडन जैन ग्रंथ उवासगदसाओमध्ये एका कुंभाराच्या गोष्टीतून येते. सद्दालपुत्त हा आजीविकांचा अनुयायी. त्याने मडकी उन्हात वाळत घातलेली असताना महावीर विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? सद्दालपुत्त आपल्या मताला धरून सांगतो, प्रयत्नावाचून. मग कोणी तुझी मडकी फोडली किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला तर काय करशील? मी त्याला मारीन, तो म्हणतो. तर मग, महावीर म्हणतात, ज्याने काही केलेच नाही त्याला तू का मारशील? नियतीवादाला इतके घरगुती आणि इतके अचूक उत्तर क्वचितच सापडेल. राग, शिक्षा, कौतुक, कृतज्ञता या सगळ्यांमध्ये समोरच्याने ‘केले’ हे गृहीत असते. बुद्धाचे उत्तर याला समांतर आहे. अंगुत्तरनिकायात तो तीन मते नाकारतो : जे भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळे, ते सारे ईश्वरनिर्मित, आणि ते सारे अकारण. तिन्ही मतांचा शेवट एकच होतो. माणसाला काही करावेसे वाटण्याचे कारणच उरत नाही.

वैदिक परंपरेने नियतीवाद स्वीकारला नाही, पण दैवही सोडले नाही. तिने दैवाची व्याख्याच बदलली. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार पूर्वदेहात केलेले पौरुषच या जन्मी दैव म्हणून प्रकट होते. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषकारावाचून दैव सिद्ध होत नाही, असेही तिथे म्हटले आहे. ही व्याख्या स्वीकारली की दैव आणि प्रयत्न दोन वेगळ्या जातीच्या शक्ती राहत नाहीत. एक कालचा प्रयत्न, दुसरा आजचा. योगवासिष्ठ या ग्रंथाने हेच टोकाला नेले : दैव म्हणून काही नाहीच, जुने आणि नवे पौरुष दोन मेंढ्यांसारखे एकमेकांशी टक्कर घेतात आणि बळकट असेल ते जिंकते. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म शेताची उपमा देतो. पुरुषकार हे शेत, दैव हे बी. शेतावाचून बी वाया जाते.

पण शेतीची खरी सखोल उपमा वनपर्वात आहे आणि ती द्रौपदीच्या तोंडी आहे. वनवासात हताश झालेली द्रौपदी आधी विधात्यालाच बोल लावते. माणसे लाकडी बाहुल्यांसारखी, सुतात ओवलेल्या मण्यांसारखी, वेसण घातलेल्या बैलासारखी आहेत, तो नेईल तिकडे जातात, असे ती म्हणते. युधिष्ठिर याला नास्तिक्य म्हणतो. तेव्हा ती वळते आणि कर्माची बाजू मांडते. शेतकरी नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसतो. पुढचे कारण पाऊस. पावसाने कृपा केली नाही तर शेतकरी दोषी ठरत नाही. जे करायचे ते मी केले, एवढे तो म्हणू शकतो. दुष्काळी पट्ट्यात ज्याने दुबार पेरणी पाहिली आहे, त्याला या श्लोकांचे भाष्य लागत नाही. इथे प्रयत्नाची महती आहे आणि फळ न आल्याबद्दलची क्षमाही आहे. प्रयत्नवादाच्या उत्साही मांडणीत ही दुसरी बाजू बहुधा हरवते, आणि अपयशी माणसाच्या माथी त्याचा आळस मारला जातो.

दैव मानूनही काम थांबवता येत नाही, हे सर्वांत स्पष्टपणे वैद्यांनी सांगितले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय साथीच्या रोगांवर आहे. गंगातीरी, पांचालांच्या कांपिल्य नगरीजवळ आचार्य आत्रेय शिष्यांसह फिरत असताना त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो, आयुष्याचे मान ठरलेले असते की नसते? आत्रेय म्हणतात, सगळ्यांचे ठरलेलेच असते तर दीर्घायुष्यासाठी कोणी औषध घेतले नसते, आणि उधळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कारण नव्हते. पुढे गाडीच्या आसाचा दृष्टांत येतो. चांगला आस नीट वापरला तर झिजून आपल्या वेळी संपतो. तोच आस जादा ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, गाडीवानाच्या चुकीने किंवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. आसाचे लाकूड कसे निघाले ते दैव, गाडी कशी हाकली तो पुरुषकार. दुबळ्या दैवाला प्रबळ पुरुषकार मारतो आणि प्रबळ दैव पुरुषकाराला मारते, असे चरक सरळ सांगतो. कोणत्या रुग्णात कोण प्रबळ, ते उपचार करून पाहिल्याशिवाय वैद्याला कळत नाही. राजनीतीतही सूर हाच. सतत नक्षत्र विचारत बसणाऱ्या पोरकट माणसाला सोडून अर्थ निघून जातो, अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारे काय करणार, असे कौटिल्य म्हणतो.

ईश्वर आणि कर्तेपण

ईश्वर मध्ये आला की प्रश्न अवघड होतो. कौषीतकी उपनिषद सांगते की ज्याला वर न्यायचे त्याच्याकडून तोच चांगले कर्म करवतो आणि ज्याला खाली न्यायचे त्याच्याकडून वाईट. मग पाप कोणाचे? वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी दोन ठिकाणी उत्तर दिले. ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो. आणि जीवाचे कर्तेपण ईश्वराकडूनच असले तरी तो जीवाने केलेला प्रयत्न पाहूनच करवतो, एरवी विधी आणि निषेध दोन्ही व्यर्थ ठरतील. शंकराचार्यांनी इथे पुन्हा पाऊसच आणला. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, भात भात होतो आणि जव जव होतो ते बियांमुळे. पण ते बी कुठून आले? आधीच्या कर्मातून. आणि ते? त्याआधीच्या. संसार अनादि आहे, असे उत्तर येते. तर्काला ते सुसंगत आहे, पण प्रश्न सुटण्याऐवजी मागे मागे सरकतो, हे मान्य केले पाहिजे. रामानुजांचे उत्तर व्यवहाराला जवळचे आहे. दोघांच्या सामाईक मालमत्तेचे हस्तांतर दुसऱ्याच्या संमतीवाचून होत नाही, पण पाऊल उचलणारा पहिलाच असतो. जीव प्रयत्नाला लागतो आणि त्याच्या आत राहणारा ईश्वर, अंतर्यामी, अनुमती देतो. मध्वाचार्यांनी जीवाचे कर्तेपण खरे, पण पूर्णपणे विष्णूवर अवलंबून असलेले मानले.

भगवद्गीतेचा अठरावा अध्याय हा सगळा ताण एकाच जागी उभा करतो. कर्माची पाच कारणे सांगताना दैव पाचवे येते, म्हणजे ते आहे, पण पाचातले एक. पुढे ६१व्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवतो. आणि त्यानंतर दोनच श्लोकांनी, हे सगळे नीट विचारात घे आणि ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसे कर. दोन्ही विधाने इतकी शेजारी ठेवणाऱ्याला विसंगती दिसली नसेल, असे मानणे कठीण आहे. ज्याला यंत्रारूढ म्हटले त्या अर्जुनालाच निवड करायला सांगितले आहे, आणि तो निवडही करतो : ‘करिष्ये वचनं तव’, तू सांगतोस तसे करीन.

मराठी परंपरा

ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायात या समर्पणाला पाटाच्या पाण्याचे रूप दिले : ‘माळियें जेउतें नेलें । तेउतें निवांतचि गेलें । तया पाणिया ऐसें केलें । होआवें गा’. माळी नेईल तिकडे पाणी जाते, पण मळा भिजतो तो त्या पाण्यानेच. इथे सोडायचा आहे तो कर्तेपणाचा अभिमान, काम नव्हे. तुकारामांच्या ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान’ या ओळी निष्क्रियतेच्या समर्थनाला सर्रास वापरल्या जातात. पण ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ म्हणणारेही तेच, आणि नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला हवा असा रोखठोक सवाल करणारेही तेच. समाधान चित्तात ठेवायचे आणि सायास हातात, ही विभागणी तुकोबांकडे स्पष्ट आहे. रामदास दासबोधात म्हणतात : ‘सामर्थ्य आहे चळवळेचें । जो जो करील तयाचें । परंतु तेथें भगवंताचें । अधिष्ठान पाहिजे’. गीतेच्या पाच कारणांत ‘अधिष्ठान’ पहिले आहे, पण भाष्यकार तिथे शरीर असा अर्थ घेतात. रामदासांनी त्याच शब्दाने चळवळीखाली भगवंत ठेवला.

लोकाचारात दैवाला चेहरा आहे तो सटवाईचा. मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर लेख लिहिते, अशी समजूत. त्या रात्री पाचवी पुजतात, दिवा तेवत ठेवतात, अनेक घरांत कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात. ‘दारिद्र्य पाचवीला पुजलेले’ हा वाक्प्रचार यातूनच आला. म्हणी मात्र एका बाजूला झुकत नाहीत. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही आळशाची टिंगल आहे. ‘दैव देते आणि कर्म नेते’ या म्हणीत तर कर्म म्हणजे माणसाची आजची करणी, आणि ती दैवावर मात करते, फक्त उलट्या दिशेने.

दैवाची कल्पना स्वतःच्या दुःखाला लावली तर आधार देते. दुसऱ्याच्या दुःखाला लावली की तीच न्यायनिवाडा होऊन बसते. जन्माने मिळालेली जात हे पूर्वकर्माचे फळ, हा युक्तिवाद शतकानुशतके असाच वापरला गेला. त्याबद्दल चौदाव्या शतकात संत चोखामेळ्याचा मुलगा कर्ममेळा याने थेट विठ्ठलापाशी जाब मागितला : ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती’. जन्म उष्टे खाण्यात गेला, तुझ्या चित्ताला लाज वाटत नाही का, असे तो पुढे विचारतो. इथे पूर्वजन्माचा हिशेब नाही. ‘केली’ या क्रियापदाचा कर्ता देव आहे आणि उत्तर त्यानेच द्यायचे आहे.

आधुनिक काळात लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे अख्खे प्रकरण या प्रश्नाला दिले. आत्मा मुळात स्वतंत्र आहे, पण कुशल सुतारालाही हत्यारावाचून काम करता येत नाही, तसे त्याला देह आणि इंद्रिये यांच्याद्वाराच वागावे लागते, आणि ती हत्यारे कर्माच्या नियमाने बांधलेली असतात, अशी त्यांची मांडणी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथात वाट वेगळी होते. कर्माचा नियम त्यांनी ठेवला, पण तो समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून. गतजन्मीच्या कर्माचा वारसा या जन्मी येतो हे मत बुद्धाचे असू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. या मताचा एकच उपयोग त्यांना दिसला : गरीब आणि हीन-दीन यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकून टाकता येते.